हंगामी कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचे काम तालुक्याला बसून कसे सांभाळावे?

वर्धाकाठ (राळेगाव)

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे राळेगावला बसून आस्थापनांच्या भविष्य निर्वाह निधीचे आणि ग्रॅच्युइटीचे काम पाहतो. आज माझ्याकडे 34 आस्थापना आहेत. त्यांत बहुतेक जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने), तीन दालमिल, दोन खाजगी दवाखाने, एक शाळा आणि काही पेट्रोलपंप आहेत. मालक हाजरी पाठवतात, मी ईसीआर म्हणजे दरमहाचे विवरण तयार करतो, पैसे भरण्याचे चलान काढतो, नव्या माणसाचा यूएएन म्हणजे निधीतला कायमचा सदस्य क्रमांक काढून देतो आणि काम सोडून गेलेल्याचा दावा मार्गी लावतो.

2025 च्या दिवाळीनंतर माझ्याकडे एक बाई आल्या. नऊ हंगाम त्यांनी दोन वेगवेगळ्या जिनिंगमध्ये रेजा म्हणजे बाई-मजूर म्हणून काढले आहेत. पदराच्या गाठीतून त्यांनी तीन कागद काढून टेबलावर ठेवले. तीन कागद, तीन यूएएन आणि तीन नावे. एकावर वडिलांचे नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचे, तिसऱ्यावर नुसतेच पहिले नाव आणि जन्मतारीख 1 जानेवारी. त्यांना दहा वर्षे भरली की पेन्शन मिळते एवढे कोणीतरी सांगितले होते. ते खरेही आहे, कारण हंगामी आस्थापनेत वर्षातून चार-पाच महिनेच काम झाले तरी पेन्शनच्या पात्रतेसाठी ते पूर्ण वर्ष धरतात. परंतु कागदावर या बाई एक नसून तीन आहेत, आणि तिघींपैकी एकीचीही दहा वर्षे होत नाहीत. त्यातला तिसरा यूएएन सात वर्षांपूर्वी मीच काढला होता. चलान भरण्याच्या शेवटच्या दिवसाची, 15 तारखेची संध्याकाळ होती, हाजरीवर 40 नवी नावे होती आणि मी जुना क्रमांक विचारलाच नाही.

तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही. मालक देतील तेवढीच नावे भरून द्यावीत आणि आपले शुल्क घ्यावे, की हाजरीवरचे प्रत्येक नाव नीट तपासून भरल्याशिवाय काम हातातच घेऊ नये? दुसरा मार्ग धरला तर अर्धे ग्राहक जातील अशी भीती आहे. हेच काम करणाऱ्या, करवून घेणाऱ्या आणि ज्यांच्या घरात असा पैसा आला किंवा अडकला अशा सर्वांनी मोकळेपणाने लिहावे.

दिवाणजी (हिंगणघाट)

वर्धाकाठ, आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून मीही मालकाच्या गादीशेजारी बसणाऱ्या माणसाची बाजू तितक्याच मनापासून मांडतो. मी 26 वर्षे जिनिंगचे हिशेब लिहितो. 12,000 रुपये पगाराच्या माणसामागे कामगाराचे 1,440 आणि मालकाचे 1,440, शिवाय विम्याचे 60 आणि प्रशासनाचे 60, असे चलान बरोबर 3,000 रुपयांचे होते. साठ माणसे असली की महिन्याला 1,80,000 रुपये. हा पैसा ज्या दिवसांत लागतो त्याच दिवसांत यार्डात गाड्यांची रांग लागलेली असते, शेतकऱ्याचा चुकारा थांबवता येत नाही आणि बँकेची मर्यादा संपत आलेली असते. त्यातच कायदा 20 माणसांपासून लागू होतो म्हणून रस्त्यापलीकडची जिनिंग कागदावर अठराच माणसे दाखवते आणि गाठीमागे आपल्यापेक्षा कमी दर लावते. सगळेच मालक लबाड नसतात. नियमाने चालणाऱ्याला शेजाऱ्याच्या लबाडीची किंमत मोजावी लागते, हे आपल्या धंद्यातले खरे दुखणे आहे.

पळसवाडी

अठराचा हिशेब आमच्याकडेही आहे. एकाच आवारात, एकाच गेटच्या आत तीन फर्म आहेत: जिनिंग मालकाच्या नावाने, प्रेस भावाच्या नावाने आणि सरकीचे तेलघाणे वहिनींच्या नावाने. प्रत्येकीत 20 पेक्षा कमी माणसे आहेत. हे चालते का?

कपाशी (वणी)

आमच्याकडे असे सांगतात की, माणूस तीन महिने टिकला तरच त्याचे नाव भरायचे असते. हंगामी माणूस तीन महिन्यांनी निघूनच जातो, म्हणून त्याचे नाव भरत नाहीत. मला तरी हे समजुतीचे वाटते, कारण दोन महिन्यांसाठी कपात करून त्या माणसाच्या हाती काय लागणार?

कायदेमित्र (काटोल)

पळसवाडी आणि कपाशी, दोघांच्याही प्रश्नांची उत्तरे अनेकांना माहीत असूनही बाजूला ठेवली जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

तीन महिन्यांची अट आता नाही. 1990 च्या नोव्हेंबरपासून कर्मचारी कामाच्या पहिल्या दिवसापासून सदस्य होतो. एका आवारातल्या तीन फर्मविषयी सांगायचे, तर भविष्य निर्वाह निधीच्या 1952 च्या कायद्यात विभाग आणि शाखा मिळून एकच आस्थापना धरण्याची तरतूद आहे. चौकशीत कोणती नावे आहेत यापेक्षा मालकी, पैसा, व्यवस्थापन आणि माणसे एकमेकांत किती मिसळलेली आहेत हे पाहिले जाते. एकच हमाल सकाळी जिनिंगच्या आणि दुपारी प्रेसच्या हाजरीवर असेल, तर तो हाजरीचा कागदच साक्षीदार होतो. शिवाय आस्थापनेला कायदा एकदा लागू झाला की पुढे माणसे 20 च्या खाली गेली तरी ती त्यातून सुटत नाही.

मुकादमाने आणलेली माणसेही मोजणीत येतात. मुकादमाने पैसे भरले नाहीत तर जबाबदारी मूळ मालकावर येते. तो ते मुकादमाच्या बिलातून कापून घेऊ शकतो, पण हात झटकू शकत नाही. गाठीमागे किंवा क्विंटलमागे मजुरी मिळते, या कारणानेही कोणी सुटत नाही.

उशिराविषयी मालकांना दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत जमा झाले नाहीत तर वर्षाला 12 टक्के व्याज आणि त्याशिवाय दंडात्मक नुकसानभरपाई लागते. पूर्वी विलंबाच्या लांबीनुसार ती वर्षाला 5 ते 25 टक्के होती, जून 2024 पासून महिन्याला 1 टक्का आहे. ‘माझा हेतू वाईट नव्हता’ हा बचाव चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले. दुसरी गोष्ट मालकाला अधिक झोंबते. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा एक दिवस जरी उशिरा भरला, तरी आयकरात त्याची वजावट कायमची जाते. असा सर्वोच्च न्यायालयाचा 12 ऑक्टोबर 2022 चा निकाल आहे. माझ्या अनुभवात नुकसानभरपाईच्या नोटिशीने जे झाले नाही, ते सी.ए.च्या या एका वाक्याने झाले आहे.

कपाशी (वणी)

कायदेमित्र, आभारी आहे. तीन महिन्यांची गोष्ट मी वडिलांकडून ऐकत आलो होतो आणि खरीच मानत होतो.

गोंदियाकर

मी ना मालक आहे, ना सल्लागार. माझी आई तिरोड्याजवळच्या आमच्या गावी विड्या वळत असे. तेंदूपत्ता आणि तंबाखू सट्टेदाराकडून, म्हणजे कारखानदाराच्या मध्यस्थाकडून यायचा, आई अंगणात सूप मांडीवर घेऊन बसायची, आणि संध्याकाळी सट्टेदार जुड्या मोजून काही छाट म्हणून बाजूला टाकायचा. विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1977 मध्ये लागू झाला. तरी घरी बसून वळणाऱ्या बायका आमच्या कर्मचारीच नाहीत असे कारखानदार म्हणत राहिले. शेवटी 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कर्मचारीच आहेत असा निर्णय दिला. हे सगळे मला नंतर कळले. लहानपणी मला एवढेच कळत होते की आईच्या कार्डावर दर आठवड्याला आकडे चढतात आणि आई ते कार्ड देव्हाऱ्यामागे ठेवते.

माझ्या बहिणीच्या लग्नाला त्यातूनच आगाऊ रक्कम मिळाली. आमच्या शेजारच्या काकूंना मात्र मिळाली नाही, कारण सट्टेदाराने त्यांच्या विड्या त्यांच्या सासूच्या कार्डावर चढवल्या होत्या. काम दोघींचे होते आणि कार्ड एकीचेच होते. वर्धाकाठ, तुमच्या टेबलावरचे ते तीन कागद वाचून मला काकूंची आठवण झाली. कृपा करून त्या बाईंचे काम सोडू नका.

संत्राबाग (वरूड)

आमच्याकडे संत्र्यांना कोटिंग करून पेट्या भरण्याचे शेड असतात. माणसे मुकादमाची, पैसा रोजचा रोज, आणि आज इथे असलेला माणूस उद्या मोर्शीला असतो. कपातीचा विषय काढला की ते सरळ सांगतात, “साहेब, म्हातारपण कोनं पाह्यलं? पोराची फी या महिन्यातच भराची हाये.” त्यांना खोटे कसे म्हणावे? मला वाटते, अशा माणसांना अटल पेन्शन किंवा श्रमयोगी मानधन या सरकारी पेन्शन योजना हाच सोयीचा मार्ग आहे. मानधन योजनेत वयानुसार महिना 55 ते 200 रुपये भरायचे, तेवढेच सरकार भरते आणि साठीनंतर 3,000 रुपये मिळतात. मालकाची कटकट नाही आणि तुमचीही नाही.

वर्धाकाठ (राळेगाव)

संत्राबाग भाऊ, ज्या शेडवर खरोखरच 20 माणसे नाहीत तिथे आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि मी स्वतः तिथे अटल पेन्शनचे अर्ज भरून देतो. मात्र ती वयाच्या 40 वर्षांपर्यंतच घेता येते, आणि आमच्या रेजांपैकी बऱ्याच चाळिशी ओलांडलेल्या आहेत. दुसरे असे की त्या योजनांत मालकाचा एक रुपयाही येत नाही. जिथे कायद्याने मालकाचे 12 टक्के त्या माणसाचे आहेत, तिथे ‘तुम्ही अटल पेन्शन घ्या’ असे सांगणे म्हणजे त्याच्या ताटातली भाकर काढून घेऊन त्याला चटणी वाढणे होईल. मला ते करवत नाही.

फीच्या प्रश्नाला मी आता वेगळे उत्तर देतो. कामगार सेवेत असताना वारला, तर एका महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी त्याच्या विधवेला पेन्शन मिळते, आणि ठेवीशी निगडित विम्याची रक्कमही मिळते. तिची कमाल मर्यादा 7 लाख आहे आणि त्यासाठी कामगाराचा एक पैसाही कापला जात नाही. हे सांगितले की माणसे ऐकतात. प्रेसवर काम करणाऱ्याला उद्याचा भरवसा किती असतो, हे त्याला माझ्याहून अधिक ठाऊक असते.

बुलढाणेकर

विषय पेन्शनचा निघाला म्हणून लिहितो. कामगार नाखूश असतो त्याचे मुख्य कारण म्हणजे शेवटी हाती येणारी रक्कम. 12,000 पगार आणि दहा वर्षांची नोकरी असेल, तर 12,000 गुणिले 10 भागिले 70, म्हणजे महिना 1,714 रुपये. किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपयांवरच आहे. आमच्या बुलढाण्यात 2018 च्या डिसेंबरपासून निवृत्तांचे साखळी उपोषण सुरू झाले, त्यांची मागणी किमान 7,500 आणि महागाई भत्ता अशी आहे. त्या मंडपात बसलेल्या काकांना मी रोज पाहिले आहे. औषधाच्या दुकानात ते दहा गोळ्यांची पट्टी कापून चार गोळ्या मागतात. सल्लागारांनी, दिवाणजींनी आणि वकिलांनी कागद कितीही चोख केले, तरी ही रक्कम वाढल्याशिवाय कामगाराचा विश्वास बसणार नाही.

दिवाणजी (हिंगणघाट)

बुलढाणेकरांशी सहमत आहे. पण रक्कम वाढेल तेव्हा ती ज्याचे नाव कागदावर नीट आहे त्यालाच मिळेल, हेही तितकेच खरे आहे.

चरखा

मी एका कापड गिरणीत जॉबर होतो आणि कामगारांच्या बाजूने गिरणीच्या भविष्य निर्वाह निधी न्यासाचा सात वर्षे विश्वस्त होतो. अशा सवलतप्राप्त न्यासात, म्हणजे निधी सरकारकडे न भरता स्वतःच सांभाळणाऱ्या न्यासात, मालकाचे आणि कामगारांचे विश्वस्त समान संख्येने असतात आणि पैसा न्यासच गुंतवतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे मोठे मानाचे वाटते. आत बसल्यावर कळले की, व्याज सरकारी दरापेक्षा कमी देता येत नाही, आणि न्यासाची कमाई कमी पडली तर तूट मालकाने भरायची असते. 2024-25 चा दर 8.25 टक्के होता. किमान 45 टक्के पैसा सरकारी रोख्यांत ठेवायचा आणि उरलेल्यातून एवढा दर गाठायचा, हे लहान न्यासाच्या आवाक्यातले काम नाही. 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही वित्त कंपनी बुडाली, तेव्हा ज्या न्यासांनी तिचे उत्तम मानांकन पाहून रोखे घेतले होते त्यांचे पैसे अडकले. आमचेही थोडे अडकले. ती तूट मालकांनी भरली, पण पुढल्याच वर्षी न्यास सोडून देण्याचा ठराव झाला आणि सर्व खाती सरकारी निधीकडे वर्ग झाली.

वर्ग करताना आमच्या 212 खात्यांपैकी 37 खाती अडली, ती पैशासाठी नाही तर नावांसाठी. व्याजाच्या अपूर्णांकावर आम्ही बैठकीत तास-तास घालवला होता. सदस्यांच्या नोंदवहीतली नावे आधारशी जुळतात का, हा विषय सात वर्षांत एकदाही बैठकीत आला नव्हता.

कारंजेकर (कारंजा लाड)

वर्धाकाठ, मी आपल्याच धंद्यातला आहे, म्हणून आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. चार वर्षांपूर्वी मी नेमका हाच निर्णय घेतला. त्या वेळी माझ्याकडे 29 ग्राहक होते, त्यांपैकी आठ सोडून गेले. दीड वर्षात पाच परत आले, कारण दुसरीकडे स्वस्तात काम देऊन त्यांना व्याज आणि नुकसानभरपाईच्या नोटिसा आल्या होत्या.

मी शुल्काची पद्धत बदलली. पूर्वी माणसी दरमहा ठरावीक रक्कम घेत असे, त्यामुळे नवे नाव जोडण्याचे कष्ट फुकट जात आणि ते घाईत होई. आता मासिक शुल्क कमी ठेवले आहे आणि प्रत्येक नव्या नावाचे वेगळे शुल्क घेतो. त्या शुल्कात मी स्वतः यार्डात जातो, आधार पाहतो, आधीचा यूएएन आहे का ते विचारतो, वारसाचे नाव लिहून घेतो आणि घोषणापत्रावर त्या माणसाची सही किंवा अंगठा घेतो. मालकाने चलानाचे पैसे 10 तारखेपर्यंत द्यायचे असा लेखी करार आहे. 11 तारखेला पैसे नसले तर मी मालकाला पत्र देतो आणि त्याची पोच ठेवतो. हाजरी आणि ईसीआर यांत तफावत दिसली तरी पत्र देतो. भांडण करत नाही, पण पोच घेतल्याशिवाय उठत नाही.

आता 1 ऑगस्ट 2025 पासून नवा यूएएन उमंग ॲपवर चेहरा पडताळूनच निघतो, त्यामुळे घरी बसून 40 नावे चढवण्याची सोय तशीही संपली आहे. माझ्या मुलीने कामगारांसाठी एक मराठी कागदही तयार केला आहे. त्यावर कामगाराने मालकाला विचारायचे सहा प्रश्न मोठ्या अक्षरांत आहेत.

वर्धाकाठ (राळेगाव)

कारंजेकर, हा चेहऱ्याचा प्रकार परवाच यार्डात केला. रुईच्या पिंजणाने केस पांढरे झालेली एक मुलगी मोबाइल हातात धरून उभी होती. शेडमध्ये उजेड पुरत नव्हता, बाहेर नेटवर्क मिळत नव्हते. शेवटी वजनकाट्याच्या खोलीच्या पायरीवर जागा सापडली. एका नावाला वीस मिनिटे लागली, पण त्या वीस मिनिटांत कळले की तिचा हिंगोलीच्या एका गोदामातला जुना यूएएन आहे. नवा काढण्याची गरजच पडली नाही. सात वर्षांपूर्वी मी अशी वीस मिनिटे दिली असती तर आज तो तिसरा कागद जन्माला आला नसता.

कायदेमित्र (काटोल)

वर्धाकाठ, आपल्या ग्राहकांना सांगण्यासारखी एक संधी चालू आहे. 1 जुलै 2017 ते 31 ऑक्टोबर 2025 या काळात कामाला लागून ज्यांची नावे भरायची राहिली, त्यांना सामील करण्याची मोहीम नोव्हेंबर 2025 ते एप्रिल 2026 अशी आहे. कामगाराचा हिस्सा कापला नसेल तर तो माफ आहे, मालकाने आपला हिस्सा व्याजासह भरायचा आणि नुकसानभरपाई फक्त 100 रुपये. ‘शेजारी अठरा दाखवतो’ म्हणणाऱ्या मालकांपुढे हा कागद ठेवा. 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रम संहिताही अमलात आल्या आहेत. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो, त्यामुळे मूळ पगार कमी दाखवून ग्रॅच्युइटी वाचवण्याची वाटही अरुंद झाली आहे.

दिवाणजी (हिंगणघाट)

मोहिमेचे मी उद्याच शेठजींच्या कानावर घालतो. नव्या रोजगाराच्या प्रोत्साहन योजनेविषयी मात्र त्यांची निराशा झाली होती. त्यात सहा महिने सलग काम लागते आणि आमचा हंगाम दिवाळी ते गुढीपाडवा, म्हणजे पाच महिन्यांचा. हंगामी धंद्याचा विचार कोणीतरी करायला हवा होता.

वर्धाकाठ, आपल्या त्या बाईंची दुसरी जिनिंग कोणती ते मला खाजगी निरोपात कळवाल का? हिंगणघाट भागातली बंद पडलेली असेल तर तिच्या हाजऱ्या कुठे आहेत ते मी शोधू शकतो.

वर्धाकाठ (राळेगाव)

दिवाणजी, निरोप पाठवला आहे. एका मालकाने नाव दुरुस्तीच्या संयुक्त घोषणापत्रावर (मालक आणि कामगार दोघांच्या सहीच्या अर्जावर) सही दिली आणि तो यूएएन आधारशी जुळला. माझ्या हातून झालेल्या तिसऱ्या यूएएनचा पैसा त्यात वर्ग करण्याची विनंतीही भरली आहे. राहिला तो बंद जिनिंगचा. तिथे सही करायला मालकच नाहीत.

कारंजेकर (कारंजा लाड)

आस्थापना बंद असेल तर राजपत्रित अधिकाऱ्याकडून घोषणापत्र साक्षांकित करून देता येते. सोबत त्या काळातली हाजरी किंवा पगारपत्रक जोडा, म्हणजे प्रश्न उरत नाही. आणि दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याच्या ठिकाणी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचे ‘निधी आपके निकट’ हे शिबिर असते, तिथे बाईंना बरोबर घेऊन जा. सदस्य समोर बसलेला असला की काम वेगळ्या गतीने होते.

दिवाणजी (हिंगणघाट)

हाजऱ्या सापडल्या. त्या जिनिंगचे जुने मुनीम माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्या घरी माळ्यावर लाल कापडाच्या बस्त्यात पाच हंगामांची पुस्तके बांधून ठेवलेली होती, एकाला थोडी वाळवी लागली आहे. बाईंचे नाव चार पुस्तकांत स्पष्ट आहे, वडिलांच्या नावासह, आणि पगाराच्या रकान्यात त्यांचा अंगठा आहे. पाचव्या पुस्तकाची पाने जपून उलटावी लागतील. रविवारी मी राळेगावला येतो.

वर्धाकाठ (राळेगाव)

दिवाणजी, रविवारी जेवायला घरीच या. 27 तारखेला बाईंना घेऊन यवतमाळला जायचे नक्की केले आहे, त्यांची त्या दिवसाची मजुरी मी देणार आहे.

कारंजेकर, आपल्या मुलीने केलेला तो सहा प्रश्नांचा कागद मला पाठवाल का? सोमवारपासून मी माझ्या 34 ग्राहकांना नव्या अटींचे पत्र देतो आहे. पहिली दोन पत्रे ज्या दोन मालकांना द्यायची आहेत ते सर्वांत जुने आहेत आणि सर्वांत उशिरा पैसे देणारेही तेच आहेत. कागद हातात असला तर पत्रासोबत तोही त्यांच्या यार्डात वजनकाट्याच्या खोलीबाहेर चिकटवून येतो.

गोंदियाकर

यवतमाळहून आल्यावर इथे जरूर लिहा. आईला हा धागा वाचून दाखवला. बाईंचा दहावा हंगाम चालू आहे ना, हे ती विचारते आहे.

वर्धाकाठ (राळेगाव)

चालू आहे. 9 डिसेंबरपासून त्या कामावर आहेत, आणि या वेळी त्यांचे नाव मी आधार समोर ठेवून लिहिले आहे.